क्षारांची ओळख : परीक्षानळीतील धडे
(वार्षिक कार्यक्रमात दिलेले भाषण)



रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये तुमच्या हाती पांढरी भुकटी दिली जाते आणि "हा क्षार ओळखा" असे सांगितले जाते. कित्येकांना घाम फुटतो. काही जण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. वस्तुतः भिण्याचे कारण नाही. क्षार म्हणजे धन व ऋण विद्युतभार असलेल्या आयनांचा संसार होय. मिठात सोडियम आणि क्लोराइड एकत्र नांदतात. पाण्यात विरघळताच ते सुटे होतात आणि प्रत्येकाची ओळख वेगळी पटवता येते. ज्योतीत सोडियम गर्द पिवळा रंग देतो, पोटॅशियम फिकट जांभळा. द्रावणात सौम्य नायट्रिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेट घातले की क्लोराइडचा दह्यासारखा पांढरा साका दिसतो, आणि तो अमोनियाच्या द्रावणात विरघळतो.

माझीच एक फजिती सांगतो. विद्यार्थिदशेत मी एका क्षाराचे द्रावण केले, सिल्व्हर नायट्रेट टाकले, पांढरेपणा दिसला आणि ऐटीत 'क्लोराइड' लिहिले. उत्तर चुकले! ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी मी नळाचे पाणी वापरले होते आणि क्लोराइड त्या पाण्यातच होते. नुसत्या पाण्याची तीच परीक्षा आधी केली असती तर चूक तेथेच कळली असती. परीक्षानळीने खरे तेच दाखवले. घाई मी केली.

आता शेतकरी पालकांनी लक्ष द्यावे. डीएपी खतात अमोनियम आणि फॉस्फेट असतात. शुद्ध खताच्या पोत्यावर १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असे प्रमाण छापलेले असते. त्याचे दाणे कुटून, चुना व थोडे पाणी घालून फरशीच्या तुकड्यावर मळा. उग्र वास आला तर अमोनियम आहे. युरियात अमोनियम आयन नसल्याने थंड अवस्थेत असा वास येत नाही. परंतु एवढ्यावर समाधान मानू नका. अमोनियम सल्फेट मिसळलेल्या भेसळीलाही हाच वास येईल! म्हणून दुसरी परीक्षा हवी : द्रावण गाळून त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल व बेरियम क्लोराइड घाला. दाट पांढरा साका सल्फेट दर्शवतो. फॉस्फेट पाहायचे तर नायट्रिक आम्ल व अमोनियम मॉलिब्डेट घालून किंचित गरम करावे. पिवळा साका दिसतो. बेरियम क्लोराइड विषारी आहे, म्हणून या परीक्षा शिक्षकांच्या देखरेखीखालीच कराव्यात. वास घेतानाही नळी नाकाशी न नेता हाताने वाफ आपल्याकडे ओढावी.

आणि पोत्याविषयी शंका आली तर भांडण न करता पावती जपून कृषी खात्याकडे नमुना द्यावा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार अधिकृत प्रयोगशाळेचाच निकाल ग्राह्य मानला जातो. आपली परीक्षा केवळ शंका उभी करते.

आपल्या दोंडाईच्याच्या मिरची बाजारात जाणता व्यापारी पोत्यावरचे नाव वाचून माल घेत नाही. मिरची मोडून, हाताळून, रंग पाहून घेतो. प्रयोगशाळेत हीच सवय कामी येते. 'अल्कली' हा शब्दही अरबीतील 'अल-कली', म्हणजे वनस्पतींची राख, यावरून आला. राख काय करते हे ज्यांनी हाताने तपासले, त्यांनीच विद्येला हे नाव दिले.

विद्यार्थी मित्रांनो, दिसले तेच वहीत लिहा, उत्तर त्यानंतर. माता-पित्यांना विनंती अशी की, मुलगा असो वा मुलगी, प्रॅक्टिकलहून घरी आल्यावर "किती गुण मिळाले?" या आधी "आज काय पाहिलेस?" असे विचारा. पाहून बोलणारी पिढी कोणाच्या सांगण्यावर खोटे पोते विकत घेणार नाही.