शब्दाखालची रेघ

चाकणच्या एखाद्या कारखान्यांत यंत्राशेजारीं सूचना लावावयाची आहे असें समजूं: ‘धूर दिसतांच कळ दाबावी.’ त्यांतील ‘धूर’ व ‘कळ’ हे शब्द अधोरेखित व्हावयास हवेत. काम क्षुल्लक दिसतें. परंतु रेघ जरा वर चढली कीं ऊकार तिच्यांत बुडतो, आणि घाईनें वाचणाऱ्या कामगारास ‘धूर’चा ‘धर’ दिसतो!

जुन्या छापखान्यांत ही अडचण सहसा येत नसे. शिशाच्या खिळ्याचें अंग ठराविक मापाचें असे. अक्षराला उकार असो वा नसो, पितळेची पट्टी त्या अंगाखालींच बसे, आणि ओळींतील सर्व रेघा एका पातळीवर येत.

संगणकाजवळ असा खिळा नाहीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांनीं १९७७ सालीं ‘टेक’ ही अक्षरजुळणीची पद्धति हातीं घेतली. पुढें १९९१ सालीं नेदरलँड्समधील फ्रान्स व्हेल्थुइस यांनीं तिच्यासाठीं देवनागरी अक्षरें सिद्ध केलीं. या पद्धतींत अधोरेखनाची मूळ आज्ञा गणितासाठीं योजिलेली आहे. यंत्र प्रत्येक शब्दाची खोली मोजतें, रेघेच्या जाडीच्या तिप्पट जागा सोडतें आणि मग रेघ ओढतें. त्यामुळें ‘धूर’खालची रेघ खालीं व ‘कळ’खालची वर, अशी पायरी पडते. ती टाळण्यासाठीं सर्वच रेघा ‘कळ’च्या पातळीवर आणाव्या, तर ऊकारावर गदा येते.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक अधोरेखित शब्दाबरोबर एक अदृश्य टेकू ठेवावयाचा. त्याला रुंदी नसते; उंची व खोली मात्र ठरलेली असते. टेकची मूळ योजना उंचीस ८.५ व खोलीस ३.५ पॉइंट देते. तें माप रोमन अक्षरांचें होय. मराठीसाठीं ‘लट्टू’सारखा शब्द त्याच टाइपांत जुळवून त्याची खोली मोजावी आणि टेकू तितका खोल करावा. मग सर्व रेघा एका पातळीवर येतात आणि एकहि उकार कापला जात नाहीं. ओळ संपल्यावर पुढच्या ओळींत जाणाऱ्या लांब मजकुरासाठीं डोनाल्ड आर्सेनो यांची ‘युलेम’ ही जोड उपयोगी पडते. तिच्यांतहि खोली आपण ठरवूं शकतों.

हस्तलिखितांतील शब्दाखालची रेघ ही जुळाऱ्याला केलेली खूण असे. छापतांना तिच्या जागीं बहुधा ठळक टाइप येई. पुस्तकांत आजहि तोच मार्ग बरा. सूचनाफलकावर रेघ हवीच असेल, तर ती ओढण्यापूर्वीं सर्वांत खोल अक्षर पाहावें.