फोटो हलवले म्हणजे बॅकअप झाला का?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण ऐकून झाल्यावर एक काम करायचंय, म्हणून शेवटपर्यंत थांबा.

फोन भरला की आपण काय करतो? केबल लावतो, फोटो घरच्या कॉम्प्युटरवर टाकतो, फोनमधून डिलीट करतो आणि म्हणतो, "बॅकअप घेतला." अहो, याला बिऱ्हाड हलवणं म्हणतात! फोटो आधी एकाच ठिकाणी होते, आताही एकाच ठिकाणी आहेत. तेही बऱ्याचदा एका जुन्या हार्ड डिस्कवर.

या डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात. डेटा वाचणारं हेड त्यांच्यावरून केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. एखादा जोरदार धक्का बसून ते चकतीला घासलं, की तिथला डेटा गेलाच. फाईल उघडायला भलताच वेळ लागतोय, कॉम्प्युटर सारखा अडकतोय? मग आधी महत्त्वाच्या फाईली बाहेर काढा. टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा, प्रयोग नकोत. एसएसडी तर आवाजही करत नाही, कधीकधी न सांगता जाते. आणि वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग परत मिळत नाही.

मग करायचं काय? नियम सोपा आहे: 3-2-1. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे एक कॉम्प्युटरवर, एक एक्स्टर्नल डिस्कवर, एक क्लाउडवर. गुगलचे फुकट 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, तेव्हा आधी कागदपत्रं आणि जिवाभावाचे फोटो टाका. एक्स्टर्नल डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाईलीही लॉक करू शकतं. आणि हो, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकमध्ये इकडे डिलीट केलं की तिकडूनही जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 1998 मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी 2'चं काम चालू असताना एका चुकीच्या कमांडनं सिनेमाच्या फाईली भराभर उडायला लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! गॅलिन सुसमन घरून काम करायच्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती, तिनं सिनेमा तारला.

एवढ्या मोठ्या स्टुडिओचं असं होतं, तर आपलं काय? बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, तो उघडून बघा. दर महिन्याला चार-पाच फाईली दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडायच्या. फोटो दिसतोय, व्हिडिओ पूर्ण चालतोय, मग समजायचं की प्रत खरंच आहे.

तर आजचं काम: जो फोटो गेला तर जीव तुटेल, तो आत्ता किती ठिकाणी आहे ते मोजा. उत्तर 'एक' आलं, तर आज रात्रीच दुसरी प्रत करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!