हौद्याला ठिगळ मारायचं, की तळ बदलायचा?

आज पिकअपच्या हौद्याबद्दल बोलू. ज्यांच्या घरी भाड्याची गाडी आहे त्यांनी जरा कान देऊन ऐका.

आमची पिकअप जुन्नर तालुक्यात चालते. हंगामात टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला, एरवी कांदा, शेणखत, रासायनिक खताच्या गोण्या. यंदा हौद्याचा मागचा भाग सडला, दोन ठिकाणी तर खालचा रस्ता दिसायला लागला. फाळक्याची एक बिजागरीही वाकलेली. अण्णा म्हणाले, ठिगळ मारून हंगाम काढू. गॅरेजवाला म्हणाला, जुन्या तळावरच जाड पत्रा टाकतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. धाकट्या भावाला नवी कोरी बॉडी हवी होती, मागे नाव रंगवून! कर्जाचे हप्ते चालू, टोमॅटो पंधरा दिवसांवर. गाडी उभी राहिली की भाडं दुसऱ्याकडे जातं, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही.

मी म्हटलं, आधी गाडीखाली शिरू. कारण वरून दिसतो तो पत्रा, पण वजन पेलतात ते खालचे आडवे चॅनेल. हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा आणि प्रत्येक चॅनेल ठोकत जायचं. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर तिथं स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघायचा. आत घुसला, की तो चॅनेल गेला. पत्रा आणि चॅनेल जिथं टेकतात ती फट नीट बघा. पाणी तिथंच बसतं. त्यात पोटॅश खत सांडलेलं असेल तर बघायलाच नको, त्यातलं क्लोराइड मिठासारखंच लोखंड खातं. आमचा सगळ्यात मागचा एक चॅनेल गेला होता, बाकीचे शाबूत. चेसिसलाही काही झालेलं नव्हतं. नवी बॉडी तिथंच बाद झाली. (भाऊ दोन दिवस बोलला नाही.)

आता गॅरेजवाल्याचा जाड पत्रा. ऐकायला भारी वाटतं, पण हिशोब करा. आमचा हौदा साधारण ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. ३ मिलिमीटरचा साधा पत्रा एका चौरस फुटाला सव्वादोन किलोच्या आसपास भरतो. म्हणजे सगळा मिळून १०८ किलो. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरला तर प्रत्येक खेपेला पाच क्रेट कमी, नाहीतर तेवढा ओव्हरलोड. आणि ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर जादा टनामागे २ हजार. शिवाय दोन पत्र्यांच्या मध्ये ओल कोंडते. वरून चकाचक, आतून सडणं चालूच.

नुसतं ठिगळही टिकलं नसतं, कारण खाली टेकायला चॅनेलच नव्हता. मग ठरलं ते असं: मागचा तीन फुटांचा सडका भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापायचा, तो एक चॅनेल नवा टाकायचा आणि वर २ मिलिमीटरचा पत्रा. काम दोन दिवसांचं, हे गिऱ्हाइकांना आधीच फोन करून सांगितलं. हौद्याची लांबी, उंची जशीच्या तशी ठेवली. आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मंजुरीशिवाय करता येत नाही, हेही भावाला सांगितलं.

वेल्डिंगच्या वेळी मात्र तिथं उभे राहा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीच पाहिजे, नाहीतर ईसीयू आणि अल्टरनेटर जाऊ शकतो. अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जवळच लावा, लांब चेसिसला नको. डिझेलची टाकी आणि वायरिंग कुठून जातं ते आधी बघा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. पत्र्याला सलग वेल्डिंग केलं की तो तापून फुगतो. म्हणून थोडा टाका इकडे, थोडा तिकडे. चॅनेलला आणि पत्र्याच्या खालच्या बाजूला रेड ऑक्साइड आधीच मारून घ्या, नंतर तिथं ब्रश जात नाही. जोड वेल्डिंगनंतर घासून परत रंगवायचे. आम्ही कोपऱ्यांत पाणी जायला दोन भोकं पाडून घेतली, आणि खत उतरवलं की हौदा धुवायचा हे भावाकडे दिलं.

फाळक्याला बिजागरी नवी घातलीय. पोक तसाच आहे. तो दिवाळीनंतर काढू, आत्ता कडी नीट बसते तेवढं बास.