रोजची वाट आणि देवाचें वचन



जुबिलीच्या दिवशीं मोठमोठ्या उपकारांची यादी वाचण्याची चाल आहे. ती मी आज वाचणार नाहीं. देवाचा विश्वासूपणा आपणांस खरा लागतो तो सोमवारीं सकाळीं. घरभाड्याच्या वेळीं, मुलाच्या फीच्या वेळीं, दुखणाईत सासूच्या अंथरुणापाशीं.

आपल्या कोथरूडच्या शेजारींच हिंगणें आहे. तेथें इ. स. १९०० मध्यें धोंडो केशव कर्वे यांनीं आपला अनाथ बालिकाश्रम पुण्यांतून नेला. रावबहादूर गोखले यांनीं दिलेली सहा एकर जमीन आणि तिजवर एक झोंपडी, एवढेंच भांडवल. कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत आणि काम आटोपलें कीं पायीं हिंगण्यास जात. वाट शेतांतली, पावसाळ्यांत सारा चिखल. त्या झोंपडींतल्या विधवा मुलींना जगानें अपशकुनी ठरविलें होतें. दिवस मावळूं लागला म्हणजे त्यांचे डोळे वाटेकडे लागत असतील. आरंभीं त्यांना भय वाटलें असेल. पण कांहीं महिन्यांनीं आभाळ भरून आलें तरी "आज येतील कीं नाहीं" हा प्रश्न मनांत उठेनासा झाला असेल. भरंवसा व्याख्यानांनीं जडत नाहीं, असा पावलांनीं जडतो.

कर्वे आपल्या धर्माचे नव्हते, देवाविषयीं ते फारसें बोलतही नसत. हें मी लपवीत नाहीं. परंतु प्रभूनेंच आपणांस असा हिशेब करावयास शिकविलें आहे कीं, उणिवांनीं भरलेला मनुष्य जर लेंकराला भाकरीऐवजीं धोंडा देत नाहीं, तर स्वर्गांतील पिता किती अधिक देईल!

रानांत इस्राएल लोकांना मान्ना मिळे तो एका दिवसापुरता; उद्यांसाठीं झांकून ठेविलेला नासून जाई. शब्बाथाच्या आदल्या दिवशीं मात्र दुप्पट मिळे, म्हणजे देवाला अधिक देतां येत नव्हतें असें नाहीं. पण कोठारें भरलीं असतीं तर लोकांनीं कोठारांवर भरंवसा ठेविला असता. आतां, फादरनीं सांगितलें म्हणून कोणीं विम्याचा हप्ता चुकवूं नये!

गेल्या पावसाळ्यांत एका मातेनें मला विचारलें, "फादर, मीं नोव्हेना केली, तरी मुलगा गेला. देव विश्वासू कसा?" मला उत्तर सुचलें नाहीं, मी जवळ बसून राहिलों. देवाची दया रोज सकाळीं नवी असते, हें विलापगीताच्या कर्त्यानें लिहिलें तें यरुशलेम जळून गेल्यावर. तें मला आठवलें, पण मीं तें बोलून दाखविलें नाहीं. शोकाच्या घरीं वचनें फेंकूं नयेत. पुढच्या रविवारीं ती मिस्सेला आली. शेवटच्या बांकावर ओठ मिटून बसली, आणि शेजारची बाई तिच्या हातांतल्या पुस्तकाचें पान उलटून देत होती. आपला कोणी मरणार नाहीं, असें वचन देवानें कधींच दिलें नव्हतें. मी तुजबरोबर आहें, हें दिलें होतें. तें त्या दिवशीं शेजारणीच्या हातानें पाळलें गेलें, असें मी मानतों.

आपल्या धर्मग्रामांतील आजारी मंडळींची यादी दाराशीं ठेविली आहे. मंगळवारीं त्यांच्या घरीं जावयास अजून दोन माणसें हवीं आहेत. जेवणाला बसण्यापूर्वीं नांव लिहून द्यावें.