ढकलणारे हात
(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



इंग्रजीत एक शब्द आहे : अ‍ॅबस्ट्रूसिटी. अर्थ, दुर्बोधता. समजायला अवघड असणं. गंमत बघा, दुर्बोधता सांगणारा शब्दच इतका दुर्बोध की भल्याभल्या साहेबांना डिक्शनरी उघडावी लागेल. मी तर मॅट्रिक. मीही उघडली. आत जे सापडलं ते सांगायला उभा आहे.

शब्दाचं मूळ लॅटिन. 'अ‍ॅब्स' म्हणजे दूर, 'ट्रूडेरे' म्हणजे ढकलणं. दूर ढकललेलं, नजरेआड लोटलेलं, ते अ‍ॅबस्ट्रूस. म्हणजे या शब्दाच्या पोटात ढकलणारे हात आहेत. ते हात आपल्या ओळखीचे आहेत. त्यांनीच आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर लोटलं. माणसं लोटली, तशी विद्याही लोटली. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओता, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. आधी कान बुजवायचे आणि मग म्हणायचं, यांना समजत नाही!

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, फारशी घ्यावी लागली. आपण संस्कृतचे पंडित असल्याचा दावा करत नाही, हे त्यांनी प्रस्तावनेत सरळ सांगितलं, आणि इंग्रजी भाषांतरं पालथी घालून १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ काढला. त्याच 'ट्रूडेरे'पासून इंग्रजीत 'इंट्रूड' झालाय. बिनबोलावता आत घुसणं! बाबासाहेब असे घुसले.

पण मित्रांनो, कठीण वेगळं आणि दुर्बोध केलेलं वेगळं. गोदीत कंटेनरवर चार अक्षरं अन् सात आकडे असतात. नवा पोरगा बघतो, म्हणतो, ही काय भानगड? जुना गडी सांगतो : पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं डब्याचा प्रकार, सहा आकडे डब्याचा नंबर, शेवटचा आकडा नंबर बरोबर आहे का ते तपासायला. दोन मिनिटांत पोरगा वाचायला लागतो. हे कठीण. त्याच पोरापुढं ठेकेदार कागद टाकतो. इंग्रजी, बारीक अक्षरं. हात तुटला तर भरपाई कोण देणार, कुठं लिहिलंय, असं विचारलं तर म्हणतो, तुला काय कळणार, सही कर नायतर चालता हो. हे दुर्बोध केलेलं. विचारल्यावर उघडतं ते कठीण. विचारल्यावर अंगावर येतं, तिथं कुणीतरी काहीतरी दडवलंय.

हीच कसोटी कवितेला लावा. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. पांढरपेशा वाचक त्यातल्या शब्दांना अडखळला. ते शब्द कुणी दडवले नव्हते. भर मुंबईत, भर रस्त्यावर रोज बोलले जात होते. वाचकच कधी त्या गल्लीत शिरला नव्हता. तेव्हा आमची कविता समजत नाही म्हणणाऱ्याला सांगा, बाबा, विचार की! आम्ही सांगू.

आता आपल्या घरात बघू. आपल्या शिबिरात अंतर्विरोध, अधिसत्ता, विमर्श यांचा पाऊस पडतो. मागं बसलेली सफाई कामगार बाई गप्प असते. उद्या ती उठून म्हणाली, 'दादा, म्हंजी काय?' आणि आपल्या कपाळावर आठी पडली, तर ढकलणारे हात आपले झाले. शब्द जड असला तरी वापरा. पण तो तिच्यासमोर सोडवून दाखवायची तयारी ठेवा. नसेल जमत, तर तो तुम्हालाही कळलेला नाही.

ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्खूंनी बुद्धाची वाणी छंदसमध्ये बांधायची परवानगी मागितली, असं चुल्लवग्गात आहे. बुद्धानं त्यांना झापलं आणि आपापल्या भाषेत शिका म्हणून सांगितलं. हा आपला वारसा.

म्हणून एकच काम मागतो. वस्तीत जा. ठेक्याचा, झोपडीच्या नोटिसीचा, कर्जाचा, ज्याच्यावर आपल्या माणसाची सही आहे असा एकेक कागद घ्या. ओट्यावर बसून ओळ न् ओळ मराठीत वाचा. अडलं तर वकिलाला विचारा, पण सगळ्यांसमोर विचारा. कविता त्यानंतर वाचू, रात्रभर वाचू.

जयभीम.