डेटाबेसचें पहिलें पुस्तक



संगणकांत नोंदी पद्धतशीर ठेवण्याची विद्या, म्हणजे डेटाबेसची विद्या, ही आतां कचेरींतल्या तज्ज्ञांपुरती राहिलेली नाहीं. गृहनिर्माण सोसायटीचे चिटणीस, वाचनालयाचे ग्रंथपाल, घरीं मसाले-लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या गृहिणी, नोकरीच्या शोधांत असलेले पदवीधर, अशा अनेकांना ती शिकावीशी वाटते. ते दुकानांत जातात, सर्वांत जाड पुस्तक विकत घेतात आणि महिनाभरानें तें कपाटांत ठेवून देतात. पैसे वायां गेल्याची हळहळ थोडे दिवस टिकते. पण ‘हा विषय आपल्या आवांक्यांतला नव्हे’ असा जो ग्रह मनांत बसतो, तो सहसा निघत नाहीं. मुलांना शिकवितांना मला वारंवार असें दिसून आलें कीं, असा ग्रह करून घेतलेल्या मुलांची बुद्धि बहुधा शाबूत असते. अयोग्य असतें तें त्यांच्या हातीं दिलेलें पुस्तक. म्हणून आरंभींचें पुस्तक कसें पारखावें, याचा आज विचार करूं.

पुस्तक पारखावयाचें तर विषयाचें मर्म कशांत आहे, हें आधीं कळलें पाहिजे. वाचनालयाची देवघेवीची वही डोळ्यांपुढें आणा. सभासदाचें नांव, पत्ता, पुस्तकाचें नांव आणि तारीख, असें सर्व कांहीं प्रत्येक ओळींत लिहिलें, तर सभासदानें घर बदलल्यावर वीस ओळींतील पत्ता खोडावा लागतो. त्यांतली एखादी ओळ राहून गेली, कीं एकाच माणसाचे दोन पत्ते होतात. शिवाय एकाच आळींत एकाच नांवाचे दोन जोशी असले, तर पुस्तक कोणाकडे अडकलें आहे, हें ती वही सांगूं शकत नाहीं. अनुभवी ग्रंथपाल यावर काय करतो? तो सभासदांची वही निराळी ठेवतो, प्रत्येकाला एक क्रमांक देतो आणि देवघेवीच्या वहींत तेवढा क्रमांक टिपतो. अशा वहीला डेटाबेसच्या भाषेंत टेबल म्हणतात. ई. एफ्. कॉड या इंग्लंडांत जन्मलेल्या गणितज्ञानें आय. बी. एम. कंपनींत असतांना १९७० सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यानें या तऱ्हेच्या मांडणीला गणिताची बैठक दिली. ओरॅकल, मायएस्क्यूएल, पोस्टग्रेस, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हीं सारीं सॉफ्टवेअरें त्याच पायावर उभीं आहेत.

यावरून पहिली कसोटी निघते. पुस्तकाची अनुक्रमणिका उघडावी आणि टेबलें वेगळीं कां करावीं व त्यांची सांगड कशी घालावी, हे धडे कोठें आहेत तें पाहावें. कांहीं पुस्तकांत निम्मीं पानें पडद्यावरील बटणांच्या चित्रांनीं भरलेलीं असतात आणि हे धडे कोठें तरी शेवटीं कोंबलेले असतात. अशा पुस्तकाचें आयुष्य बेताचें. ॲक्सेसच्या २००७ च्या आवृत्तींत जुने मेनू जाऊन त्यांच्या जागीं ‘रिबन’ आली, तेव्हां २००३ च्या आवृत्तीवर लिहिलेल्या पुस्तकांतील चित्रें एका फटक्यांत जुनीं झालीं; मात्र टेबलें कशीं विभागावीं हें सांगणारीं प्रकरणें आजहि उपयोगीं पडतात. डेटाबेसला प्रश्न विचारण्याची एस्क्यूएल ही भाषा अशीच टिकाऊ आहे. चेंबरलिन आणि बॉइस यांनीं १९७४ सालीं तिचें पहिलें रूप मांडलें, १९८६ सालीं अमेरिकेंत तिचें प्रमाण ठरलें, आणि आज सॉफ्टवेअरें अनेक असलीं तरी तिची मूळ वाक्यरचना बव्हंशीं एकच आहे.

दुसरी कसोटी अभ्यासाची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्याचें रहस्य काय? थोडे शब्द, एखादा नियम, आणि लगेच भाषांतरासाठीं वाक्यें. डेटाबेसच्या पुस्तकांतहि दर धड्याला सोडवावयाचे प्रश्न, सरावासाठीं तयार नोंदी आणि शेवटीं उत्तरें असावीं. ‘लर्निंग एस्क्यूएल’ या ब्यूलियू यांच्या पुस्तकांत तशी सोय आहे. उलट क्रिस डेट यांचा ‘ॲन इंट्रोडक्शन टु डेटाबेस सिस्टिम्स’ हा ग्रंथ १९७५ पासून विद्वन्मान्य आहे. पण तो पुढच्या अभ्यासाचा आहे, बालबोध नव्हे. शब्दकोश कितीहि उत्तम असला, तरी त्यावरून कोणी भाषा शिकत नाहीं.

तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: पुस्तक चुकांविषयीं बोलतें काय? वाचनालयाचे ४० सभासद आहेत आणि देवघेवीच्या ३०० नोंदी आहेत असें समजा. दोन्हीं टेबलें एकत्र मागवितांना ‘सभासदाचा क्रमांक जुळला पाहिजे’ ही अट सांगावयाची राहिली, तर संगणक प्रत्येक सभासदापुढें प्रत्येक नोंद मांडून १२,००० ओळी देतो, आणि बहुधा तक्रारीचा एक शब्दहि काढीत नाहीं. त्या ओळींवरून कोणी दंडाची बेरीज केली, तर ती चाळीसपट होईल! त्याचप्रमाणें नोंदी पुसण्याची आज्ञा देतांना ‘कोणत्या नोंदी’ हें लिहिलें नाहीं, तर सारें टेबल रिकामें होतें. चांगलें पुस्तक येथें विद्यार्थ्याला थांबवितें. आधीं त्याच अटीनें नोंदी पाहून घ्या, मोजून घ्या, नक्कल ठेवा, मग पुसा, असें बजावतें. जें पुस्तक केवळ बरोबर उत्तरेंच दाखवितें, तें अर्धेंच शिकवितें.

आतां व्यवहाराची गोष्ट. पुस्तक आपल्याजवळच्या सॉफ्टवेअरचें आहे ना, हें विकत घेण्यापूर्वीं पाहावें. ॲक्सेस विंडोजवरच चालतें. मॅक वापरणाऱ्यानें त्याचें पुस्तक घेऊन काय करावें? खर्च नको असेल, तर लिब्रेऑफिस बेस, पोस्टग्रेस किंवा २००० सालीं निघालेलें एस्क्यूलाइट हीं विनामूल्य मिळतात. यांतलें शेवटचें तर अँड्रॉइड व आयफोन या दोन्हीं फोनांत आधींच काम करीत असतें.

कोणी म्हणतील, आतां चित्रफिती फुकट पाहावयास मिळतात आणि यंत्राला विचारलें कीं तें उत्तर देतें. मग पुस्तक हवें कशाला? उत्तर मिळतें हें खरें. पण आधीं काय विचारावें आणि नंतर काय, हा क्रम नवशिक्याजवळ नसतो. तो क्रम देणें हेंच पहिल्या पुस्तकाचें काम.

तेव्हां दुकानांत गेल्यावर मुखपृष्ठावरील ‘दहा दिवसांत’ यासारख्या आश्वासनांकडे पाहूं नका. मधला एक धडा काढून दोन पानें सावकाश वाचा. न समजावलेले नवे शब्द पदोपदीं अडवूं लागले, तर तें पुस्तक तुमच्यासाठीं नव्हे. तुम्ही मंद आहां, असा त्याचा अर्थ मुळींच नाहीं. आणि पुस्तक घरीं आणल्यावर संगणक उघडण्यापूर्वीं एका कोऱ्या कागदावर आपल्याच सोसायटीच्या किंवा वाचनालयाच्या दोन वह्या आंखून पाहा. त्या नीट आंखतां आल्या, म्हणजे विषयाचा मोठा भाग हातीं आला असें समजावें.