पैसा सरकारचा, गायरान कुणाचं?



बागा, तळी, जंगलं राखायला सरकारनं पैसा द्यावा का, यावर तासभर घालवायची माझी तयारी नाही. द्यावाच. मला बोलायचंय ते तो पैसा कुणाला विचारून खर्च होतो याबद्दल, आणि त्याचा धडा आपल्या धारवाड जिल्ह्यातच गिरवला गेलेला आहे.

1984 साली कर्नाटक सरकारनं ‘कर्नाटक पल्पवूड लिमिटेड’ ही कंपनी काढली. 51 टक्के भांडवल सरकारचं, बाकीचं हरिहर पॉलिफायबर्स या लगद्याच्या कारखान्याचं. धारवाड, शिमोगा आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतली सुमारे 30 हजार हेक्टर ‘पड’ जमीन या कंपनीला द्यायचं ठरलं. तिथं निलगिरी लावायची आणि तिचं लाकूड लगद्यासाठी कारखान्यात न्यायचं. आता बघा, सरकारी पैसा होता, झाडं लागत होती, अहवालात त्याला वनीकरणच म्हणत होते. पण ज्या माळाला दप्तरात ‘पड’ म्हटलं होतं, तिथं गावाची गुरं चरत होती. चुलीचं सरपण तिथलं, औतकाठीचं लाकूड तिथलं. निलगिरीच्या पाल्याला तर शेळीसुद्धा तोंड लावत नाही!

धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायानं, म्हणजे एस. आर. हिरेमठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे प्रकरण हाती घेतलं. शिवराम कारंतांसारखा ज्येष्ठ कादंबरीकार सुप्रीम कोर्टात अर्जदार म्हणून उभा राहिला. मार्च 1987 मध्ये कोर्टाची स्थगिती आली. तरी लोक कोर्टाच्या भरवशावर हात बांधून बसले नाहीत. 14 नोव्हेंबरला हानगल तालुक्यातल्या कुसनूरला सत्याग्रह झाला. कुसनूर तेव्हा धारवाड जिल्ह्यातच होतं. सत्याग्रहाचं नाव ‘कित्तिको-हच्चिको’, म्हणजे उपटा आणि लावा. सगळा माळ उजाड करणं सोपं होतं. त्यांनी मोजकीच, शंभरेक रोपं उपटली आणि त्या जागी गावाच्या उपयोगाची झाडं लावली. 1991 साली कंपनी गुंडाळावी लागली.

याच समाज परिवर्तन समुदायानं 2009 मध्ये बळ्ळारीच्या लोहखाणींचं प्रकरण सुप्रीम कोर्टात नेलं. 2011 मध्ये तिथलं खाणकाम थांबलं. 2013 च्या निकालानंतर खनिजाच्या विक्रीतला वाटा बळ्ळारी, चित्रदुर्ग आणि तुमकूरच्या पुनर्वसनासाठी बाजूला पडू लागला, त्यासाठी सरकारी महामंडळही निघालं. निधी हजारो कोटींचा झाला. तरीही 2022 उजाडलं तेव्हा तो खर्चायचा कसा यावर कोर्टात खल चालूच होता. सरकारी आराखड्यात रस्ते होते, रेल्वे होती. खाणीनं कोरलेल्या डोंगराचं आणि गाळानं भरलेल्या ओढ्याचं काय, हे मात्र वारंवार विचारावं लागलं. पैसा नाही ही सबब इथं कुणालाच सांगता येणार नव्हती.

शहरात काय वेगळं आहे? स्मार्ट सिटी योजनेत आपल्या हुबळी-धारवाडची निवड 2016 मध्ये झाली. केंद्राचे पाचशे कोटी, तेवढाच राज्याचा वाटा. उणकल आणि तोळणकेरे या तलावांवर कामं झाली. उणकल नाल्याकाठी सायकलमार्गाचा हरित पट्टा आखला गेला, त्यामागे फ्रेंच विकास संस्थेच्या कर्जाचा पैसा आहे. सायकलमार्ग चांगलाच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण उणकलच्या काठावर उभे राहून पाण्याकडे बघा. जलपर्णी यंत्रानं उपसतात, काठावर तिचे हिरवे ढीग लागतात, आठ दिवसांत ते काळे पडून कुजतात आणि तोवर पाण्यावर नवी पानं तरारलेली असतात. ती वाढते वरच्या वस्त्यांतून येणाऱ्या सांडपाण्यावर. उपसण्याचं बिल दरवर्षी निघतं. सांडपाणी अडवायचं तर गटारं जोडावी लागतात, रस्ते खोदावे लागतात, आणि जमिनीखालच्या नळाचं उद्घाटन करायला कोण येणार?

कुसनूरकरांना आपल्या माळावर काय हवं ते ठाऊक होतं, कारण त्यांची गुरं तिथं जात होती. आपण तळ्याकडे फिरायला जातो, म्हणून आपल्याला दिवे आणि फरशी दाखवली की पुरतं. महापालिकेचे 82 प्रभाग आहेत आणि प्रभाग समितीची तरतूद कायद्यात आहे. यंदाचं अंदाजपत्रक मांडलं जाईल तेव्हा नगरसेवकाला एवढंच विचारा, उणकलच्या वरच्या अंगाची गटारं जोडायला किती रुपये धरलेत? दिव्यांचा आणि फरशीचा हिशेब मागाहून मागू.